न लावलेली कळी

कमळाबाईंच्या चपलेचा अंगठा आदल्या दिवशी तुटला नसता तर त्यांना ते कधी कळलंच नसतं. चपला पायात असल्या की त्यांची चाहूल परसातून पुढच्या ओटीपर्यंत आधीच पोचायची आणि घरातली माणसं सावरून बसायची. त्या सकाळी त्या अनवाणी होत्या. मागच्या दारी तोंड धुऊन, पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आल्या, तर वैदेही पाठ करून ओट्याशी उभी. ओट्यावर त्यांचा स्टीलचा पेला, वाफ निघणारा, आणि वैदेहीच्या हातात करंगळीएवढी तपकिरी बाटली. बाटलीची रबरी गुंडी दाबून ती पेल्यात थेंब टाकत होती. घाई नाही, दाराकडे चोरटी नजर नाही. समईत तेल घालावं तशी मन लावून. त्या मन लावण्यानंच कमळाबाई उंबऱ्यात अडल्या. सुनेनं चोरून काही केलं असतं तर त्यांना राग आला असता आणि राग त्यांना पाठ होता. हे मात्र काय होतं ते कळेना.

"काय गो ते?"

वैदेही दचकली. बाटली मात्र सुटली नाही हातातून. "औषध आहे, आई."

"कोणाचं?"

"फुलांचं."

"फुलं आजारी आहेत?"

"फुलांपासून केलेलं. मनासाठी असतं."

"माझ्या मनाला काय धाड भरलेय? आणि मला मारायलाच निघाली असशील तर नीट मार बाय. चार थेंबांनी काय होतंय? मी नाटे गावच्या समुद्राचं खारं पाणी पिऊन संसार केलेली बाई."

ओटीवर उन्मेष जयगडच्या बंदरावर जायला निघाला होता. कंपनीची बस नाक्यावर यायची त्याची वेळ. आईचा आवाज चढलेला ऐकून तो बुटाची नाडी बांधता बांधता आत डोकावला, बाटली बघितली, आईकडे बघितलं, आणि "हल्ली सगळेच घेतात ग" असं पुटपुटून टोपलीतल्या ओल्या बोंबलासारखा गप्प झाला. म्हणजे ह्यालाही माहीत. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत. कमळाबाईंनी वैदेहीच्या हातातली बाटली काढून घेतली, कनवटीला खोचली, चहाचा पेला उचलला आणि मागच्या दारी अळवाच्या वाफ्यात ओतला. अळू बिचारं हललंसुद्धा नाही. वाफ तेवढी पानांवरून सरपटत गेली.

फुलांचं. सगळं सोडून फुलांचं. मांडवीच्या मागच्या आळीतल्या ह्या घराच्या परड्यात कढीपत्ता होता, मिरच्या होत्या, अळू होतं, शेवग्याचं झाड होतं. फूल म्हणून येत असेल ते त्या शेवग्यालाच, आणि तेही भाजीत जायचं. शेजारणी जास्वंदीची फांदी द्यायला आल्या तर कमळाबाई म्हणायच्या, ठेवा तुमच्याकडेच, मला खत घालायला वेळ नाय. देवाला तुळस चालते, दूर्वा चालतात. वैदेही लग्न होऊन पावस गावाहून आली तेव्हा माहेरच्या सोनचाफ्याचं रोप पदराखाली घेऊन आली होती. ते त्यांनी तिला लावू दिलं नव्हतं. तिनं का म्हणून विचारलं नाही. रोप शेजारी गेलं आणि आता त्याचा चाफा झालाय कौलांच्या वर गेलेला. वारा इकडचा असला की वास भिंत ओलांडून येतो आणि कमळाबाई त्या बाजूची खिडकी लावून घेतात. वैदेही ते बघते आणि बोलत नाही. ही न बोलण्याची तिची सवय कमळाबाईंना लबाडीच वाटत आली होती. भांडणारी माणसं त्यांना आवडत. भांडणाऱ्या माणसाचं पोट रिकामं होतं आणि मग त्यात जेवण जातं, हे त्यांनी बसस्टँडजवळ खानावळ चालवली तेव्हापासून बघितलेलं. गप्प बसणाऱ्याच्या पोटात काय आहे, कोण सांगणार.

आणि आता कळलं काय आहे ते. चार थेंब. म्हातारी सानिकाला जहाजावर पाठवायला तयार होत नाही ना, मग म्हातारीचा राग उतरवा, धार बोथट करा, आणि एकदा का ती मऊ पडली की होय म्हणवून घ्या. सानिका, त्यांची नात, उन्मेष-वैदेहीची एकुलती एक, जहाजावरच्या अधिकारीपणाचं शिकून आली होती. पांढरा शर्ट, खांद्यावर काळ्या पट्ट्या. रविवारच्या गाडीनं मुंबई, तिथून विमानानं सिंगापूर, आणि मग मालाच्या जहाजावर कित्येक महिने. कमळाबाई म्हणाल्या होत्या, मी जिवंत असेतोवर नाय. आणि पोरगी आजीचीच. ती म्हणाली, ठीक आहे, तुझ्या तोंडून 'ये' ऐकल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. आप्पाआजोबा जहाजावर तसेच जायचे ना, तू 'ये' म्हटल्यावर? मग मलाही ते पाहिजे. गाडी गेली तर गेली, नोकरी गेली तर गेली. तेव्हापासून तिची मोठी बॅग ओटीवर उघडी पडली होती, निम्मी भरलेली, आणि घरातलं प्रत्येक माणूस तिला वळसा घालून जात होतं.

कमळाबाई रिक्षात बसल्या तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. चप्पल सुतळीनं बांधलेली. कुठं म्हणून सांगताना त्यांना लक्षात आलं की आपल्याला नाव माहीत नाही. पण बाटलीवर पत्ता छापलेला होता आणि शाळा दुसरीत सुटली असली तरी त्या छापील अक्षर लावून वाचत. मारुती मंदिराजवळ, वह्यापुस्तकांच्या दुकानावर, राजश्री. नुसतं राजश्री. आडनाव लावायला लाज वाटते बाईला, असं त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या आणि तो हसला. हसला म्हणून बरं वाटलं. पण मांडवीचा रस्ता मागे पडता पडता उजव्या हाताला पाण्याचा तुकडा चमकला, घरांच्या फटीतून दिसतो तेवढाच, आणि त्यांचा डावा तळवा गार पडला. हे हल्ली असं व्हायचं. सानिकाला जहाजाचा फोन आल्यापासून. कुणाचाही फोन वाजला की डाव्या तळव्यातलं रक्त कुठंतरी निघून जायचं आणि तो हात मासळीच्या बर्फात घातल्यासारखा व्हायचा. त्या तो पदराखाली घेत. कुणाला दिसायचा नाही. रात्री झोपेतून उठून त्या ओटीवर येत आणि उघड्या बॅगेशी बसून राहत. घडी केलेले पांढरे शर्ट अंधारातही दिसत. आप्पा असेच शर्ट घडी करून ठेवायचे, बाह्या आत, कॉलर वर. माणूस जहाजावरनं घरी आला तरी त्याच्या कपड्यांच्या घड्या जहाजावरच्याच राहायच्या.

जिना अरुंद होता. वर एक खोली, खिडकीपाशी टेबल, आणि भिंतीला लावलेल्या फळीवर त्याच तसल्या तपकिरी बाटल्या ओळीनं. पन्नाशीची बाई, चष्मा, आखूड पिकलेले केस. कपाळाला टिकली नाही, हातात घड्याळ मात्र भारी. कमळाबाईंनी एका नजरेत तिचा हिशेब लावला आणि उभ्याउभ्याच सुरुवात केली.

"फुलांचं औषध देता ते तुम्हीच काय?"

"हो. बसा ना, काकू."

"बसायला नाय आलेय. हे करतात कसं, तेवढं सांगा."

राजश्रीला अशी माणसं नवी नसावीत. तिनं समोरची खुर्ची ओढून ठेवली आणि सांगितलं, की फूल पूर्ण उमललं की सकाळी तोडतात, काचेच्या वाडग्यात स्वच्छ पाण्यावर तरंगत ठेवतात, आभाळात ढग नसेल अशा उन्हात. फुलाचा गुण पाण्यात उतरतो असं मानतात. मग फूल काढून टाकायचं आणि पाणी ठेवायचं.

"म्हणजे निर्माल्याचं पाणी."

"तसं म्हणा."

"आमच्याकडे पाणी टाकतात नि फूल ठेवतात. तुम्ही फूल टाकून पाणी ठेवता. आणि ते विकता. नासत कसं नाय?"

"थोडी ब्रँडी असते त्यात. टिकण्यापुरती."

कमळाबाई बसल्या. चांगलं भांडायचं तर बसूनच भांडता येतं. "ब्रँडी. म्हणजे माझी सून मला देवाच्या फुलांच्या नावानं सकाळच्या पारी दारू पाजते. अहो, जहाजावर जन्म काढून माझ्या नवऱ्यानं थेंबाला तोंड लावलं नाय. सगळी बंदरं फिरला, एका बंदरात झिंगला नाय. आणि मी म्हातारपणी अळवाच्या वाफ्याशेजारी झिंगतेय."

राजश्री हसली, मनापासून, आवाज करून. कमळाबाईंना ती बाई एकदम आवडली आणि त्याचा त्यांना राग आला. त्यांनी कनवटीची बाटली काढून टेबलावर आपटली. "ही वैदेहीनं नेली तुमच्याकडनं. माझा राग जायला. आता मला सांगा, राग गेल्यावर मी उरणार किती?"

राजश्रीनं बाटली उचलली, उजेडाकडे धरून फिरवली, आणि तिचं हसू हळूहळू ओसरलं. "तुम्हाला न सांगता द्यायला नको होतं त्यांनी. ते मी बोलेन त्यांच्याशी. पण काकू, ह्यात रागाचं काही नाही."

"मग?"

"आपल्या माणसांची भीती असते ना. स्वतःची नाही, त्यांची. बाहेर गेलेलं माणूस परत येईपर्यंत वाईटच डोळ्यांपुढे येत राहतं, फोन वाजला की काळीज थांबतं. त्याच्यासाठी आहे हे. कुणाला उपयोग होतो, कुणाला नाही होत. मी काही खात्री देत नाही. आणि ही बाटली मी तुमच्यासाठी दिलेलीच नाही. वैदेहीताईंनी ती स्वतःसाठी नेली."

वरचा पंखा कुरकुरत फिरत होता. खाली दुकानात कुणीतरी रंगीत कागद मागत होतं. कमळाबाई त्या आवाजाकडे कान देऊन बसल्या, जणू कागदाचा रंग त्यांनाच ठरवायचा होता.

"मुलगी जहाजावर जायची आहे म्हणाल्या. झोप नाही, जेवण जात नाही, आणि मुलीसमोर चेहरा हसता ठेवावा लागतो." राजश्रीनं बाटली परत त्यांच्यासमोर ठेवली, पण ह्या खेपेला हळू. "जिन्यापर्यंत गेल्या नि परत आल्या. एकाच बाटलीतलं दोघींनी घेतलं तर चालेल का, विचारायला. म्हणाल्या, घरात आणखी एकीला हेच झालंय. माझ्यापेक्षा जास्त झालंय, पण ती मरेल तरी बोलणार नाही."

मरेल तरी बोलणार नाही. परत येताना कमळाबाईंनी रिक्षा केली नाही. सुतळीची चप्पल फरफटत त्या उताराला लागल्या आणि एवढंच वाक्य त्यांच्याबरोबर चालत राहिलं. ओळखीच्या एकदोघी भेटल्या, काय हो काकी उन्हातनं, म्हणाल्या. कमळाबाई नुसती मान हलवून पुढं झाल्या. रागावून बघितलं, पण राग उचलायला गेल्या की हातात वैदेहीची पाठ यायची, ओट्याशी उभी, मन लावून थेंब टाकणारी. स्वतःच्या बाटलीतले अर्धे थेंब. त्या पोरीनं पदराखालचा हात कधी बघितला? अंधारात ओटीवर येऊन बसलेली म्हातारी तिनं बघितली असणार; म्हणजे तीही जागीच असणार, दाराच्या आतल्या बाजूला. एकीकडे ही, एकीकडे ती, मध्ये उघडी बॅग. आणि दोघींतल्या एकीनंही दिव्याचं बटण दाबलं नाही.

एखाद्यानं आपल्याला ओळखावं, ह्यात केवढी बेअब्रू आहे, असं त्यांना वाटलं. आणि थोडं पुढं गेल्यावर असंही वाटलं, की पाठीवरचं ओझं कुणीतरी मागून अलगद उचलून धरलं की वजन जात नाही, पण चाल बदलते. खानावळीत तांदळाची पोती उतरवताना तसं व्हायचं.

घरी न जाता त्या जेटीच्या कट्ट्यावर बसल्या. समुद्र भरतीचा, ढवळलेला. फुलानं त्यांना फसवलं होतं, असं त्या इतकी वर्षं धरून बसल्या होत्या. नाट्याला सासरच्या गावी समुद्रावर जाणाऱ्या माणसासाठी देवीला कौल लावायची चाल होती, अजून आहे. गुरव तगरीची कळी पाण्यात बुडवतो आणि देवीच्या पाषाणाला चिकटवतो, एक उजव्या खांद्याला, एक डाव्या. मग सगळ्यांनी वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर माणूस घरी. पडलेली उजवी कळी रुमालाच्या गाठीत बांधून जाणाऱ्याच्या खिशात द्यायची. त्या शेवटच्या खेपेला गुरवाचा हात अजून पाषाणावरून निघतोय न निघतोय तोच उजवी कळी पडली होती. वाटच बघत असल्यासारखी. सगळे म्हणाले, काय सुंदर कौल दिला. आप्पा हसले, रुमालाला गाठ मारली, आणि त्या गाठीसकट कुठल्याशा परक्या समुद्रात गेले. मुंबईच्या कचेरीतून माणूस आला होता सांगायला. पायातले बूट बाहेर काढावेत की नाही, ह्या विचारात तो उंबऱ्यावर बराच वेळ उभा राहिला होता आणि त्याच्या उभं राहण्यावरूनच कमळाबाईंना कळलं होतं. उन्मेष तेव्हा पाटी घेऊन शाळेत जाण्याएवढा. त्या दिवसापासून फूल म्हणजे खोटं बोलणारी वस्तू. परवाच उन्मेष म्हणाला, आई, गावी जाऊन कौल घेऊया, उजवा आला तर सोडशील ना पोरीला? त्या ताटावरून उठल्या होत्या. फुलाच्या भरवशावर मी माणूस सोडत नाय.

पण आता लाट कट्ट्याखाली आदळून परत जाताना, कुणी बोट लावून दाखवावं तसं त्यांना ते दिसलं. गुरवानं विचारलं होतं, काय मागणं घालू? आणि त्यांनी, तिशीतल्या कमळेनं, सांगितलं होतं, पाठवू का, एवढं विचारा. देवी म्हणाली, पाठव. परत येईल का, हे त्यांनी विचारायला सांगितलंच नव्हतं. तोंडाशी आलेलं गिळलं होतं. कारण डावी कळी पडली असती तर? सगळ्या गावासमोर, आप्पांच्या हसऱ्या तोंडासमोर? निम्मा प्रश्न विचारला, निम्म्याचं उत्तर मिळालं, आणि उरलेल्या निम्म्याचा राग इतकी वर्षं त्या पांढऱ्या इवल्याशा कळीवर काढला. कळी काय करणार. तिला पडायचं होतं, ती पडली. भीती तेव्हाही होती. गाठ मारताना आप्पांच्या हाताला कमळाबाईंचा हात लागला तर गार होता, आणि आप्पा म्हणाले होते, पाण्यात हात घातलेलास काय गो? होय, असं त्या म्हणाल्या होत्या. त्यानंतर नवऱ्याशी बोलल्या ते फक्त निघतानाचं 'ये', आणि त्याआधीचं हे खोटं. कमळाबाईंनी डावा हात पदराबाहेर काढला आणि कट्ट्याच्या तापलेल्या चिऱ्यावर पालथा ठेवला. चिरा भाजत होता. बऱ्याच वेळानं हाताला ते कळलं.

घरी पोचल्या तर वैदेही दारातच. रडून झालेलं होतं आणि तोंड धुऊन ते लपवलेलंही होतं. "आई, मी तुम्हाला सांगायला हवं होतं..."

"चहा टाक," कमळाबाई म्हणाल्या. "दोन पेले. आणि शनिवारी सगळ्यांनी नाट्याला जायचंय. देवीकडे."

आतल्या खोलीतून सानिका बाहेर आली. कानातलं गाण्याचं यंत्र काढून म्हणाली, "कौल लावायला?" तिच्या आवाजात आशा होती आणि आशेच्या पाठीला पाठ लावून दुसरं काहीतरी. ह्या पोरीलाही भीती वाटते, हे कमळाबाईंना त्या क्षणी दिसलं. म्हणून तर आजीचं 'ये' पाहिजे तिला. पांढरा शर्ट घातला म्हणून काय झालं.

"गेल्यावर बघू काय लावायचं ते. ती बॅग आधी बाजूला घे. वाटेत तरी नको, माणसं अडखळतात."

चहा आला. कमळाबाईंनी बाटली काढून दोन पेल्यांच्या मध्ये ठेवली, जशी चटणीची वाटी ठेवावी. वैदेही बाटलीकडे बघत राहिली, मग त्यांच्याकडे. त्या दिवशी बाटली कुणीच उघडली नाही. पण शेजारच्या चाफ्याचा वारा सुटला तेव्हा खिडकी उघडीच राहिली, आणि वैदेहीचा चहा निवायच्या आत संपला. कमळाबाईंनी ते बघितलं. हल्ली तिच्या पेल्यात निम्मा चहा साय धरून तसाच राहायचा, आणि त्यावरून त्यांनी तिला उधळी म्हटलं होतं.

शनिवारी आडिवऱ्यावरून नाट्याला पोचेपर्यंत दुपार कलली. उन्मेषनं गाडी भाड्यानं केली होती आणि वाटभर तो रस्त्यावरच्या खड्ड्यांशिवाय कशावर बोलला नाही. देवळात गारवा होता, तेलाचा आणि ओल्या दगडाचा वास. जुना गुरव कधीच गेला. त्याचा नातू ओमकार आता पूजा बघत होता, कमरेला सोवळं आणि सोवळ्यात खोचलेला मोबाईल. त्यानं ताटलीत तगरीच्या कळ्या काढून ठेवल्या होत्या, तांब्यात पाणी. पाषाणही तोच. दोन्ही खांद्यांवर वर्षानुवर्षं बोटं लागून झालेली तुळतुळीत जागा. कमळाबाईंना वाटलं होतं, ती जागा बघितल्यावर आपल्याला काहीतरी होईल. डावा तळवा गार झाला, तेवढंच. तो त्यांनी ह्या खेपेला पदराखाली घेतला नाही.

ओमकारनं कळी पाण्यात बुडवली. "काय मागणं घालू, आजी?"

"काय नाय."

"म्हणजे?"

"ठेव ती कळी खाली. विचारायला नाय आलेय मी. सांगायला आलेय."

ओमकारनं उन्मेषकडे बघितलं. उन्मेषनं देवळाच्या वाशांकडे. असं कधी कुणी केलं नव्हतं. कौलाला यायचं आणि कौल लावायचा नाही, म्हणजे दुकानात जाऊन काही न घेता नुसती दुकानदाराची विचारपूस करण्यासारखं. कमळाबाई पुढं झाल्या. देवीशी बोलताना माणसं आवाज खाली आणतात. त्यांचा मात्र आळीत बोलताना असायचा तसाच होता.

"ही माझी नात. सानिका. जहाजावर चाललेय. खलाशी म्हणून नाय, अधिकारी म्हणून. तिच्या आजोबाला तू ओळखत होतीस." मग त्या थांबल्या. तोंडाशी तेच आलं, त्या वेळी गिळलं होतं ते. ह्या खेपेला त्यांनी त्याला वाट दिली. "मला भीती वाटते. फार भीती वाटते. रात्रीची झोप लागत नाय. हिच्या आईलापण वाटते. पोरीलाही वाटत असेल, पण ती माझ्यावर गेलेय, सांगायची नाय. आमची भीती घालव, असं मी म्हणत नाय. भीती आमची, आम्ही बघू. तू पोरीकडे बघ. मी पण बघणार आहे. मोबाईलमध्ये तिचं जहाज ठिपक्यासारखं दिसतं म्हणे. आप्पांचा ठिपका मला कुठं दिसत नव्हता."

मागे कुणीतरी नाक ओढलं, उन्मेष होता. कमळाबाईंनी ताटलीतून एक कळी उचलली. पाषाणाला न लागलेली, उजवीकडे न पडलेली, डावीकडे न पडलेली. अजून मिटलेली होती आणि देठाशी हिरवी. ती त्यांनी सानिकाच्या हातावर ठेवली.

"रुमाल हाय?"

"नाहीये, आजी. टिश्यू आहे."

"नाक पुसायचा कागद? त्यात नको."

सानिकानं जरा विचार केला, मोबाईल काढला, त्याचं पाठीमागचं पारदर्शक आवरण नखानं उचकटलं, आणि कळी आत ठेवून परत दाबून बसवलं. कळी चपटी झाली, पण दिसत होती. आप्पांच्या रुमालात ती दिसायची नाही. सगळे त्या कळीकडे बघत राहिले, जणू ती आता काहीतरी बोलणार होती. ती काही बोलली नाही. कमळाबाईंना त्याचं फार बरं वाटलं.

"आजी," सानिका हळू म्हणाली, "मग?"

"मग काय. उद्या गाडी कितीची तुझी? वेळेवर आवर. आणि पोचलीस की फोन कर, मध्यरात्र असली तरी. मी काय झोपलेली नसते." नातीच्या गालावर हात ठेवावा म्हणून त्यांनी नेमका डावाच हात उचलला, गार, आणि ठेवला. सानिका दचकली नाही. तिनं तो आपल्या तळव्याखाली दाबून धरला. "ये," कमळाबाई म्हणाल्या. आवाज बराच आतून आला आणि वाटेत थोडा खरवडला. "ये हो बाय."

परतताना गाडी समुद्राच्या कडेनं होती. पुढं उन्मेष आता घडाघडा बोलत होता, ड्रायव्हरला जयगडच्या बंदरात येणाऱ्या जहाजांची नावं सांगत होता, जसं काही ती त्यानंच बांधली. मागच्या सीटवर तिघी. सानिका मध्ये, गुडघ्यावर मोबाईल पालथा. कमळाबाईंनी पलीकडे वाकून विचारलं, "वैदेही, ती बाटली आणलीस काय गो?"

वैदेहीनं पर्समधून बाटली काढली. तिच्या चेहऱ्यावर अजून थोडी धास्ती होती. इतक्या वर्षांची सवय एका दुपारीत कशी जाणार.

"तोंड उघड."

"आई, मी घेते माझं..."

"उघड म्हणते ना. आधी तू. पोर तुझी हाय."

वैदेहीनं लेकीच्या वरून मान पुढं केली आणि लहान मुलीसारखं तोंड उघडलं. कमळाबाईंनी रबरी गुंडी दाबली. गाडी खड्ड्यातून गेली, आणि निम्मे थेंब जिभेवर, निम्मे हनुवटीवर गेले. मधल्यामध्ये सानिका खुदखुदायला लागली.

"सांडलं, आई."

"सांडू दे. पोटात गेलं त्यानंही काय होतंय की नाय, देवी जाणे. दारू तर आहेच त्यात, निदान झोप लागेल." पण बाटली त्यांनी नीट, दोन बोटांत जपून धरली होती. पदराच्या टोकानं त्यांनी सुनेची हनुवटी पुसली. खिडकीतून पाणी दिसत होतं, पूर्ण, फटीतून नव्हे, आणि त्यावर लांबवर एक जहाज उभं की चालतंय ते कळत नव्हतं. कमळाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. तळवा गार होता आणि त्या बघत राहिल्या. मग त्यांनी बाटली वैदेहीच्या हातात दिली, डोळे जहाजावरून न काढता, आणि ज्या तोंडानं आजवर सगळ्यांना नुसतं सुनावलं होतं ते गुपचूप उघडलं.